पान लागलं, एवढंच सांगायला मुंबईला

मुंबई बघून आलीस का, असं आल्यापासून जो तो विचारतोय. मी म्हणते, नाही बघितली. गेटवे बघितला नाही, राणीची बाग बघितली नाही, एकाही नटीचं घर बघितलं नाही. "मग इतके दिवस केलंस काय तिथं?" मुलुंड बघितलं, अंधेरी बघितली, भांडुपची टेकडी चढले आणि उतरले. जुहूला समुद्रात एक चप्पल घालवली. आणि एका मेलेल्या माणसाचं मरण दुरुस्त करून आले. हे शेवटचं ऐकलं की लोक माझ्याकडे बघत राहतात, म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. पावसाळा लागला की आमच्या वॉर्डात साप चावलेली, विंचू चावलेली माणसं येत राहतात. कुणी बैलगाडीतून येतं, कुणी ट्रॅक्टरवरून, कुणी आधी देवळात जाऊन मग आमच्याकडे. नाग चावलाय, घोणस चावलीय की मण्यार, हे मी माणूस दारातून आत येतानाच बहुतेक वेळा ओळखते. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. इतकी वर्षं दुसरं केलंय काय मी!

सुमन आमच्या आळीतली. तिला भांडुपला दिली होती. नवरा वसंत मूळचा मालवणकडचा, गिरणीत होता. संपात नोकरी गेली तेव्हा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. टेकडीच्या अगदी कडेला त्यांची खोली, मागं गवत आणि त्याच्यामागं जंगल. गणपतीत सासू गावी गेली होती. घरात ही, नवरा आणि लहान मुलगी पिंकी. पहाटे नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. हिनं गोधडी उचलली तर काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी सरसरत पत्र्याच्या फटीतून बाहेर गेलं. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. दारातच हिनं ओरडून सांगितलं, "ह्यास्नी पान लागलंय!" दुपारच्या आत माणूस गेला.

आणि दवाखान्याच्या कागदावर मरणाचं कारण काय, तर संशयित विषबाधा.

सासू कोकणातून धावत आली. कुणीतरी तिला कागद वाचून दाखवला. तिनं सुमनला घराबाहेर काढलं आणि पिंकीला ठेवून घेतलं. पोलिसांनी सुमनला दोनचारदा बोलावलं, मग तपासणीत पोटात काहीच सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. पण दवाखान्यातला कागद होता तसाच राहिला, आणि सासूनं पोरीला द्यायचं नाव काढलं नाही. सुमन माहेरी आली ती एकटी. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस माझ्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "सिस्टरबाई, माझी पोर मला आणून द्या."

इथं जरा थांबून सांगते, कारण शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. चावलेला माणूस जिवंत असेपर्यंत तर मुळीच नाही. नाव घेतलं की विष चढतं, अशी समजूत. 'पान लागलं' म्हणायचं, की सगळ्यांना कळतं. मला तर हे इतकं अंगवळणी पडलंय, की सुमनच्या बोलण्यात मला कुठं काही खटकलंच नाही. साप चावला, हिनं सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. दवाखानाच बेपर्वा, असं मी ठरवून टाकलं आणि रजेचा अर्ज दिला.

मुलुंड

माझी नणंद शालन मुलुंडला राहते. गाडीचं, गर्दीचं मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहून झालंय. एवढंच सांगते, की मुलुंडला पूर्व आणि पश्चिम अशी दोन गावं आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुमन आणि मी पश्चिमेला उतरून शालनची इमारत पूर्वेच्या पत्त्यावर शोधत राहिलो. ज्याला विचारावं तो हात वर करून "पूल क्रॉस करा" म्हणायचा. आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस दारापर्यंत सोडायला येतो, वर कोण तुमचं, कशाला आलात, मुक्काम किती, हे विचारून घेतो. इथं कुणाला काही पडलेलं नाही. सुमनला ते बरं वाटलं असावं, कारण पुलावर ती पहिल्यांदा जरा सैल चालायला लागली.

शालनकडे शेजारच्या गुजराती बाईंनी ढोकळा पाठवला, कुणीतरी पाहुणे आलेत एवढं कळल्यावर. दार सदा बंद, पण ढोकळा बरोबर पोचतो! मऊ, आंबूसगोड, वर मोहरीची फोडणी. मी चार फोडी खाल्ल्या. सुमननं एक हातात धरून ठेवली.

शालनला सगळं सांगितलं तर ती डोक्याला हात लावून म्हणाली, "वहिनी, तुम्ही पागल झालात ना? हॉस्पिटलचा कागद कधी कुणी बदलतं होय? जाने दो ना."

"का नाही बदलणार? माणसानंच लिहिलाय ना?"

"तिकडे कुणी उभं पण करणार नाही तुम्हाला."

"मी बसूनच बोलेन," मी म्हटलं.

दवाखाना

दवाखान्याचं नाव सांगत नाही. पूर्व उपनगरातला एक, एवढं पुरे. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पदर खोचूनच म्हणा ना. पण रेकॉर्ड खोलीत ज्या कांबळेबाई भेटल्या, त्यांच्याशी भांडायची सोयच नव्हती. तिशीतल्या, खांद्यापर्यंत केस, टेबलाखाली चपला काढून पाय दुमडून बसलेल्या. त्यांच्या वडिलांनी सांगलीकडून येऊन इथं घर केलं, बाई घाटकोपरच्या शाळेत शिकल्या, असं नंतर बोलण्यात निघालं.

"बोला पटकन," त्या म्हणाल्या, "साहेब यायच्या आत."

मी सिस्टर आहे म्हटल्यावर जरा मऊ झाल्या. नाव विचारलं, गणपतीच्या सुमाराचा गठ्ठा काढला, धूळ झटकली, केसपेपर उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"रुग्णाला पान लागलं, असं पत्नी सांगते. पोटदुखी, गुंगी, बोलणं अडखळतंय. पानातून विषारी पदार्थ गेल्याचा संशय. पोट धुतलं." मग मान वर करून सुमनला म्हणाल्या, "आता मला सांग, पान कुणी बनवलेलं?"

"कसलं पान?" मी विचारलं.

"कसलं म्हणजे? खायचं पान. चुना, कात, तंबाखू. घरात बनवलेलं की पानाच्या गादीवरचं?"

मी सुमनकडे बघितलं. तिच्या तोंडाचा रंग गेला होता. ती हळूच म्हणाली, "पोलिसबी हेच इचारत हुते. पान कुठनं आलं? म्या म्हणलं, मागच्या गवतातनं. हिरवं का सुकं? म्या म्हणलं, काळं. तर एकमेकांकडं बघाय लागले."

कांबळेबाईंनी पेन खाली ठेवलं.

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू? आणि लगेच असा संताप आला की कान तापले. संताप कुणावर करायचा तेच कळेना. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "अहो बाई, पान लागलं म्हणजे साप चावला! साप!"

"काय सांगता! आमच्याकडे पान लागलं म्हणजे तंबाखू चढली. चक्कर येते, घाम येतो, माणूस आडवा होतो." त्यांनी केसपेपरवरची ती ओळ पुन्हा वाचली. "माझी आई असं काहीतरी म्हणायची खरी. मी कधी लक्षच दिलं नाही यार."

"मग तू नंतर साप का नाही म्हणालीस गं?" मी सुमनला विचारलं.

"म्हणलं की. ते गेल्यावर म्हणलं. तर फौजदार साहेब म्हणला, आधी पान म्हणत हुतीस, आता साप म्हणतीस, जबाब फिरवतीस व्हय?"

हे ऐकून कांबळेबाई उठल्या, चहावाल्याला तीन चहा सांगितले आणि सुमनच्या शेजारी येऊन बसल्या. चहा आला तो बोटभर ग्लासात अर्धाच. आमच्याकडे इतका चहा कपात राहिला तर माणूस तो बशीत ओतून मांजराला देतो. पण गोड होता, आणि कडक.

मी विचारलं, तुमच्याकडे वर्षाला सापाचे किती जातात? त्यांनी वार्षिक तक्ता समोर सरकवला. सर्पदंश या शब्दापुढे लिहिलं होतं, निरंक. मागच्या वर्षी निरंक. त्याच्या मागच्या वर्षी निरंक. सरकारी कागदात शून्य लिहायला लाज वाटते म्हणून हा शब्द. इकडे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत मध्ये जंगल पसरलेलं, त्याच्या कडेनं झोपड्या, जमिनीवर झोपणारी माणसं, आणि साप एकाही माणसाला मारत नाही! शहाणे साप आहेत म्हणायचे.

"युपीवाले येतात ना," कांबळेबाई विचार करत बोलायला लागल्या, "ते म्हणतात कीडा काटा. आम्ही लिहितो, कीटकदंश. आता मला वाटतंय, वाट लागली. तो कीडा किती लांबीचा होता, कुणी विचारलंच नसणार."

"मग दुरुस्त करा."

"माझ्या हातात नाही. ज्या डॉक्टरनी लिहिलंय त्यांनी लिहून दिलं पाहिजे, मग आमचे मोठे साहेब सही करतील. ते डॉक्टर नोकरी सोडून गेले. अंधेरीला दवाखाना टाकलाय." त्यांनी पत्ता लिहून दिला, आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

अंधेरी, आणि वाटेत जुहू

अंधेरीच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडतो, हे तिथं दुपारी जाऊन कुलूप बघितल्यावर कळलं. मध्ये इतका वेळ करायचं काय? शेजारचा केमिस्ट म्हणाला, "जुहूला जाऊन या, बस मिळेल."

सुमननं समुद्र कधी बघितला नव्हता. इतकी वर्षं भांडुपला राहून नाही! नवरा म्हणायचा, पुढच्या रविवारी जाऊ. मीही बघितला नव्हता, पण मी तसं दाखवलं नाही. आमच्या कृष्णेला पलीकडचा काठ असतो, तिथं म्हशी असतात, माणूस हाक मारतो. याला पलीकडे काहीच नाही. मला तो जरा उद्धटच वाटला. मी पाय भिजवायला गेले आणि वाळू पायाखालून अशी सरकली, की उजवी चप्पल लाटेबरोबर गेली. मी धावले, लाट परत आली आणि मला गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. चप्पल काही आली नाही. मागं सुमन हसत होती. साताऱ्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, गेली तर जाऊ दे चप्पल.

भेळ खाल्ली. तिखट चटणी आमच्या मिरचीपुढं काहीच नाही, पण कैरीच्या फोडींनी मजा आणली. भेळवाला "ताई, झकास बनवतो" म्हणाला आणि खरंच झकास बनवली. सुमननं अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "पिंकीला लई आवडली असती."

संध्याकाळी एक पाय अनवाणी घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले. कच्छी कुटुंबातला, घाटकोपरला वाढलेला तरुण माणूस. मराठी चांगलं बोलायचा. मी पहिलं वाक्य बोलले, "तुम्ही सापाच्या माणसाचं पोट धुतलंत," आणि मग थांबलेच नाही. पान म्हणजे काय, साप कुठून निघाला, मण्यार चावल्यावर खूण का दिसत नाही, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी सुमनकडे वळून विचारलं, "त्यांच्या पापण्या पडल्या होत्या ना? डोळे उघडायला सांगितलं तर उघडत नव्हते?"

"व्हय."

"मला आठवतंय," ते म्हणाले. "तंबाखूनं असं होत नाही, हे मनात आलं होतं. पण तुम्ही पान म्हणालात आणि मी तेच धरून बसलो. सापाच्या विषावरची लस तेव्हा आमच्याकडे होती. कपाटात होती."

हे त्यांनी नसतं सांगितलं तरी चाललं असतं. सुमन रडायला लागली. मी तिला रडू दिलं. डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर सगळं लिहून दिलं: पान लागणे म्हणजे सर्पदंश, हे त्यांना माहीत नव्हतं, लक्षणं मण्यारीच्या दंशाची होती, मूळ नोंद चुकीची आहे. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. इतकं सरळ लिहून देणारे फार नसतात.

पण उठताना ते मला म्हणाले, "सिस्टर, एक विचारू? तुमच्याकडे सून विहिरीत पडली, सुनेला कुणी काही पाजलं, तर गावातले काय सांगतात?"

मला उत्तर माहीत होतं. पान लागलं म्हणतात. अंगावर वळ असले तरी पान लागलं म्हणतात, पोलीसपाटील मान हलवतो आणि आम्ही सर्पदंश लिहून मोकळे होतो. तसं त्यांना सांगितलं.

"म्हणजे तुम्ही सगळं सापावर ढकलता आणि आम्ही सापाला मोजतच नाही," डॉक्टर म्हणाले. यावर मी भांडले नाही. नवी चप्पल अंधेरी स्टेशनबाहेर घेतली, दोन्ही पाय डावेच वाटतील इतकी वाईट.

पुन्हा दवाखाना

मोठ्या साहेबांची सही मिळवायला दोन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी मीटिंग, दुसऱ्या दिवशी पण मीटिंग, पण त्या दिवशी मी मीटिंगच्या दाराला टेकून उभी राहिले. साहेबांनी पत्र वाचलं, कांबळेबाईंना बोलावलं, केसपेपरवर शेरा मारला: सर्पदंशाने मृत्यू. खाली सही, शिक्का. मृत्यूच्या नव्या दाखल्यासाठी महापालिकेला पत्र.

"आणि तो निरंक?" मी विचारलं.

कांबळेबाई हसल्या. "तो वर गेला बाई. वर गेलेला आकडा परत खाली येत नाही."

म्हणजे वसंत सापानं मेला हे आता खरं, आणि त्या वर्षी तिथं सापानं कुणीच मेलं नाही हेही खरं. दोन्हीवर शिक्के आहेत. पुढं कधी कुणी मुंबईतल्या सापांचे आकडे छापले, तर माझ्या वाचकांनी ते जरा चिमटीत धरूनच वाचावेत.

भांडुप

भांडुपची टेकडी म्हणजे पायऱ्या, गटार, पायऱ्या, देऊळ, पायऱ्या. वर चढून गेलं की एकदम हवा थंड होते आणि गवताचा वास येतो. आमच्या डोंगरासारखाच. सुमनची सासू दारात सुकट निवडत बसली होती. बुटकी, काटक, कुंकवाच्या जागी गोंदण. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "इलात? येवा. पाणी देतंय."

पाणी दिलं. मग जेवायलाही वाढलं, कुळथाची पिठी आणि भात, बरोबर सुकटीची चटणी. सुमनशी एक अक्षर बोलली नाही, पण ताटात मीठ विसरली नाही. पिठी इतकी चांगली होती, की मी रागात असूनही परत मागितली. आमच्या हुलग्याच्या माडग्याची थोरली बहीण शोभेल.

पिंकी आजीच्या मागं उभी होती. सुमननं पिशवीतून कंदी पेढ्याचा पुडा काढला, एक पेढा पुढं केला. "ये की गं. घे."

पोरीनं हात मागं नेले. "आजी बोलली, तुझ्या हातचं खायचं नाय."

सुमनचा हात तसाच राहिला. मी खूप मरणं बघितलीत, पण असं काही बघितलेलं नाही. मी सरळ कागदच पुढं केला.

"विहीणबाई, हा कागद बघा. शिक्का आहे, सही आहे. तुमच्या मुलाला विष घातलेलं नाही, त्याला मण्यार चावली."

तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "कागद काय सांगतंस माका? पयलो पण कागदच होतो. तेच्यारय शिक्को होतो. तेच्यार इख, ह्येच्यार दुसराच. मी खयचो खरो मानू?"

बाईचं म्हणणं बरोबर होतं. मी इतकी वर्षं कागद लिहिते, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मग सुमन बोलली. पेढा खाली ठेवला, सासूच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आत्या, ऐकून घ्या. मग मारा मला. पहाटं त्येंच्या पोटात दुखाय लागलं. म्हणले, ओवा दे. म्या ओवा दिला तर गिळता येईना. म्हणले, सुमे, दिवा लाव, दिसत न्हाई. दिवा लावलेलाच हुता, आत्या. बल्ब लावलेला हुता. त्येंच्या पापण्या उघडत नव्हत्या. म्या बोटानं उघडून धरल्या. मग म्हणले, आयेला सांग..., आन् पुढं जीभच हलंना."

सासू एकटक बघत होती. "दिवो लाव सांगल्यान?"

"व्हय."

"गिळाक येय नाय? डोळे उघडत नाय?"

"न्हाई."

म्हातारी भिंतीला टेकली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझो धाकटो भाव. खळ्यार निजललो. सकाळी उठलो तो पोट धरून. आये, चिमणी पेटय, काळोख कित्याक केलंस, म्हणी. सूर्य इललो वर. लोकांनी सांगल्यानी पोटशूळ. मी तेव्हा लहान चेडू होतंय, म्हणान माका कोणी इचारूक नाय. माका म्हायत होता. तेका जनावर चावललां."

"जनावर?" मी विचारलं.

तिनं बोटानं जमिनीवर एक वाकडी रेघ ओढली. सापाला तिच्या गावी असंच म्हणतात. घरातल्या सुनेनं पान म्हणावं, सासूनं जनावर म्हणावं, आणि मध्ये माणूस मरून जावा!

"तुझ्या आवशीन तुका नाव घेवक शिकवल्यान नाय काय गो?" तिनं सुमनला विचारलं. आवाजात राग होता, पण तो आता सुमनवर नव्हता.

"तुमच्या आयेनं शिकवलं का?" सुमन म्हणाली.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बाय, तू कागद लिवतंस. माझ्या भावाचाय लिवतंस काय? पोटशूळ खोड म्हणान सांग." त्या भावाचा कागदच कुठं नव्हता, खोडणार काय? मी तिचा हात धरला आणि तसं सांगितलं.

ती मग पिंकीकडे वळली. "हय ये. तुझ्या बापाशीक जनावर चावला. आवशीन काय करूक नाय. आजीक खोटा सांगलेला कोणी, आजीन तुका सांगल्यान. आता ता इसर." पिंकीला एवढं सगळं एकदम कळणं शक्य नव्हतं. ती आईकडे बघत होती, पण जागची हलत नव्हती.

मला वाटलं, झालं एवढं. कोर्ट नाही, कचेरी नाही, पोर हळूहळू येईल. पण मी तशी सुटणारी बाई नाही. मी म्हटलं, "विहीणबाई, दवाखान्याचा कागद मी दुरुस्त करून आणला. पण तुम्ही साऱ्या चाळीला सांगून ठेवलंय. ही पोर उद्या शाळेत जाईल, तिला हेच ऐकायला मिळेल. ते कोण दुरुस्त करणार?"

बाहेर नळाला पाणी आलं होतं. हंडे वाजायला लागले होते, सगळ्या बाया तिथं होत्या. म्हातारी उठली. एका हातानं सुमनचं मनगट धरलं, दुसऱ्यानं पिंकीचं, आणि दोघींना ओढत नळावर गेली. मी मागं. तिनं जाऊन सरळ नळ बंद केला. आधी दोघीतिघी ओरडल्या, मग तिचा चेहरा बघून गप्प झाल्या.

"आयका सगळी," ती म्हणाली. "माझ्या झिलाक, वसंताक, जनावर चावला. सुनेन काय करूक नाय. मी तुमका काय सांगलेला ता खोटा."

मग रांगेतली एक नवीन बाई, बोलण्यावरून वऱ्हाडकडची वाटली, तिनं चांगल्या मनानंच विचारलं, "जनावर म्हंजे? कुत्रं चावलं होतं का जी, काकू?"

"कुत्रो नाय गो."

"मंग? माकड का?"

म्हातारीनं तोंड उघडलं. शब्द येईना. साठीची बाई, जन्मात कधी तो उच्चारला नसेल. तिनं सुमनकडे बघितलं, खाली पिंकीकडे बघितलं. सुमनचं मनगट आणखी घट्ट धरलं, आणि साऱ्या टेकडीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"साप! साप चावलो माझ्या झिलाक! साप!"